पहाटेचा गड आणि दुपारची वाइन

वाचकाचा प्रश्न

ठाण्याच्या एका ४९ वर्षांच्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत त्या, त्यांचे यजमान, नोकरीला लागलेला मुलगा, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, नणंद आणि नणंदेचे यजमान असे सहा जण नाशिकला जाणार आहेत. यजमानांना डोंगर चढण्याची जुनी आवड आहे. नाशिकमध्ये मुक्काम करून पहाटे चारला निघायचे, हरिहर गड चढायचा, उतरल्यावर तसेच गाडीत बसून तीन वायनऱ्या करायच्या आणि गाडी स्वतःच चालवायची, असा बेत त्यांनी आखला आहे. ‘सकाळी घाम गाळला की दुपारची वाइन अंगाला लागत नाही, आणि ती प्यायचा हक्कही मिळतो,’ असे त्यांचे म्हणणे आहे. ते मधुमेहाच्या गोळ्या घेतात. पत्र लिहिणाऱ्या बाईंना चालायला आवडते, पण उतारावर त्यांचे गुडघे दुखतात. नणंद मद्य घेत नाही आणि गडावरच्या देवाला हात जोडून थेट वायनरीत जाणे तिला पटत नाही. बाई विचारतात : “मी ट्रेक रद्द करायला सांगू की वाइन? एकाच दिवशी दोन्ही करणे मुळातच चुकीचे आहे का? आणि मी काही बोलले, तर सगळ्यांच्या आनंदावर विरजण घातल्याचा ठपका माझ्यावर येईल, याचीही भीती वाटते.”

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात ‘ट्रेक की वाइन’ असा प्रश्न आहे, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटते की तुमच्या घरातले मतभेद या दोन गोष्टींवरून नाहीत. चालण्याला तुमचा विरोध नाही. वाइनची चव घ्यायलाही तुमची हरकत दिसत नाही. अडचण एवढीच आहे की नाशिक परिसरातल्या अवघड गडांपैकी एक गड आणि तीन वायनऱ्या असे दोन्हीकडचे टोक एका दिवसात कोंबले गेले आहे, आणि त्या दिवसाचा वेग घरातल्या सर्वांत तंदुरुस्त माणसाला धरून ठरला आहे. तेव्हा दोहोंपैकी एक रद्द करण्याच्या विचाराआधी दोन्ही लहान करून पाहावेत, असे मी सुचवेन. गडाच्या जागी तासाभराची चढण आणि तीनऐवजी एकच वायनरी एवढा बदल केला, तरी तुम्ही मांडलेल्या बऱ्याच तक्रारींची धार जाईल. नणंदबाईंची हरकत मात्र वेगळ्या प्रकारची आहे, त्या हरकतीकडे मी पुढे येते.

आधी यजमानांच्या ‘हक्का’विषयी बोलू, कारण सगळा बेत त्याच एका समजुतीवर उभा आहे आणि ती समजूत तुमच्या घरापुरती नाही. पहाटे डोंगर चढून दुपारी वायनरीत जाणाऱ्या अनेकांच्या मनात सकाळचे श्रम म्हणजे मजुरी आणि दुपारची वाइन म्हणजे तिचा मोबदला असा हिशेब असतो. त्या हिशेबाने दोन्हींचे नुकसान होते. चढण जितकी कठीण तितका मोबदला मोठा असे एकदा ठरले, की माणूस डोंगराकडे पाहायचे सोडून घड्याळाकडे पाहू लागतो, आणि पेल्यात काय आहे यापेक्षा पेले किती झाले याची मोजदाद सुरू होते.

शरीरशास्त्रही हा हिशेब मानत नाही. शरीरात गेलेल्या मद्यार्कापैकी फार थोडा भाग घाम, श्वास आणि लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेले जवळजवळ सगळे काम यकृत करते आणि ते आपल्या ठरलेल्या, संथ गतीनेच करते. आदल्या तीन तासांत तुम्ही किती पायऱ्या चढलात, यावर ती गती वाढत नाही. उलट घाम गाळून शरीरातले पाणी कमी झालेले असते, पोट रिकामे असते, आणि रिकाम्या पोटी घेतलेली वाइन रक्तात लवकर उतरते. मद्यामुळे लघवीचे प्रमाण वाढून आणखी पाणी जाते. म्हणजे घरी जेवणासोबत घेतलेला जो पेला तुमच्या यजमानांना जाणवतही नसेल, तोच गड उतरून उपाशीपोटी घेतला तर चांगलाच जाणवेल. घाम गाळल्यामुळे वाइन अंगाला लागत नाही हे खरे नाही. ती अधिक लवकर लागते.

त्यातच ते मधुमेहाच्या गोळ्या घेतात, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने तो या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर आहे. लांब चढउतारात स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. एरवी अशा वेळी यकृत आपल्या साठ्यातून साखर सोडून ती कसर भरून काढते, परंतु ते मद्यार्क मोडण्यात गुंतलेले असेल तर हे काम मंदावते. काही गोळ्या आणि इन्सुलिन साखर आणखी खाली नेतात. परिणामी साखर एकदम उतरण्याचा धोका असतो, आणि तो कधी कधी काही तासांनी, अगदी रात्रीसुद्धा समोर येतो. साखर उतरल्याची लक्षणे म्हणजे हातपाय थरथरणे, घाम फुटणे, बोलणे अडखळणे, गोंधळल्यासारखे होणे. वायनरीत बसलेल्या माणसाची ही अवस्था पाहून सोबतचे लोक ‘जरा जास्त झाली’ म्हणून सोडून देतात, आणि खरा धोका तिथेच आहे. त्यांची गोळी कोणत्या प्रकारची आहे, तिच्यासोबत व्यायाम आणि मद्य एकाच दिवशी चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना जाण्याआधी विचाराच. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या असू द्या, आणि हे बारकावे सोबतच्या एखाद्या तरी माणसाला, उदाहरणार्थ तुमच्या मुलाला, माहीत असू द्या.

आता हरिहरविषयी. तो गड मला अतिशय प्रिय आहे, म्हणूनच तो या बेतात नसावा असे मला वाटते. त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे हर्षेवाडी किंवा निरगुडपाडा या पायथ्याच्या गावांतून वर जायला सवयीच्या माणसालाही दीड-दोन तास लागतात. त्यानंतर कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या येतात. त्यांच्या कडेला हाताची बोटे रोवायला खोबणी कोरलेल्या आहेत आणि त्या खोबणींना धरूनच चढावे लागते. सुट्टीच्या दिवशी त्या अरुंद जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येऊन खोळंबतात, त्यामुळे किती वाजता खाली पोहोचू हे कोणालाच सांगता येत नाही. दुपारी कुठे तरी वेळ दिलेली आहे म्हणून त्या पायऱ्या घाईने उतरणे धोक्याचे आहे, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तर त्या उतरूच नयेत. ज्या दिवशी दुसरे काहीच ठरवलेले नाही असा दिवस हरिहरला द्यावा. यजमानांना आणि मुलाला तो करायचाच असेल, तर आठवड्याच्या एखाद्या मधल्या वारी येऊन त्या दोघांनी तो मनसोक्त करावा.

तुमच्या सुट्टीसाठी मला रामशेज योग्य वाटतो. नाशिकहून पेठ रस्त्याने पंधरा किलोमीटरच्या आत आशेवाडी हे पायथ्याचे गाव आहे. तिथून गडाचा माथा पाऊण ते एक तासात गाठता येतो. वाटेचा मोठा भाग बांधलेल्या पायऱ्यांचा आहे, मध्ये रामाचे मंदिर आहे आणि ज्यांना पुढे जायचे नसेल त्यांना तिथेच थांबता येते. गड आकाराने लहान आहे, पण इतिहासात तो लहान नाही. संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ च्या सुमारास औरंगजेबाच्या सैन्याने त्याला वेढा घातला, आणि मूठभर शिबंदीच्या या गडाने त्या प्रचंड फौजेला वर्षानुवर्षे दाद दिली नाही. वरचा माथा सपाट आहे, त्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ज्यांना फार चढायचे नाही पण काही तरी पाहिल्याचे समाधान हवे आहे, अशा माणसांसाठी नाशिकजवळ याहून चांगली सकाळ मला सुचत नाही.

रामशेज सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि खरे सांगायचे तर मला या पत्राच्या निमित्ताने तेच सांगायचे आहे. वाइनच्या प्रदेशात सकाळी चालायचे ते पोटात जागा करण्यासाठी नव्हे. दुपारी पेल्यात जे येणार आहे ते कोणत्या जमिनीत, कोणत्या थंडीत आणि कोणाच्या हातून तयार झाले, हे पायांनी आणि डोळ्यांनी समजून घ्यायची ती वेळ असते. रामशेजच्या माथ्यावरून दिंडोरी तालुक्याचा काळ्या-तांबूस जमिनीचा पट्टा दिसतो आणि त्यात द्राक्षबागांच्या आखीव ओळी दिसतात. खाली उतरल्यावर गावरस्त्याने अर्धा किलोमीटर सावकाश चाललात, तरी त्या ओळी जवळून पाहता येतात. खाण्याच्या द्राक्षांची बाग बहुधा मांडवावर किंवा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात ताणलेल्या तारांवर चढवलेली असते आणि तिचे घड मोठे, लांबट मण्यांचे असतात. वाइनच्या द्राक्षांची बाग बहुधा उभ्या तारांवर, कमरेएवढ्या उंचीवर घड येतील अशी बांधलेली असते. तिचे घड लहान, मणी बारीक, साल जाड आणि आत बिया असतात. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला, की दुपारी कोणी ‘टॅनिन’ हा शब्द उच्चारला तर तो कुठून आला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लाल वाइनचा तो तुरटपणा मुख्यतः याच सालींतून आणि बियांतून आलेला असतो.

हंगामही तुम्ही नेमका निवडला आहे. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जातो आणि फळ उन्हाळ्याच्या शेवटी तयार होते. नाशिक जवळपास २० अक्षांशावर असल्यामुळे इथे वेल आपणहून झोपत नाही, म्हणून त्याला शेतकरीच वळण लावतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यातून काडी तयार होते. पावसाळा ओसरताना ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते आणि तिच्यावर फळ घेतात. त्यामुळे इथली काढणी साधारण जानेवारी ते मार्च अशी, थंडीच्या शेवटाला येते. डिसेंबरात मण्यांत पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ आणि गोड व्हायला लागतात, जानेवारीच्या अखेरीस पांढऱ्या वाइनच्या जाती, म्हणजे सोव्हिन्यॉं ब्लॉं आणि शेनिन ब्लॉं, बऱ्याच बागांत काढणीला आलेल्या असतात, आणि कॅबर्ने, शिराझ यांसारख्या लाल जाती त्यामागून येतात. वाइनची द्राक्षे पहाटे किंवा सकाळी लवकर तोडतात, कारण गार फळाचा सुगंध टिकतो आणि टाकीत जाण्याआधीच ते आंबायला लागत नाही. तुम्ही गडावर असाल त्या वेळी खाली कुठे तरी कानटोप्या घातलेली माणसे कात्रीने घड कापून क्रेटमध्ये भरत असतील. याच दिवसांत थंडीची लाट आली की निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, ठिबकचे पाणी सोडतात. ओळींमधून रेंगाळणारा तो धूर आणि त्यामागे उभा असलेला, रात्रभर न झोपलेला शेतकरी ज्याने पाहिला आहे, तो दुपारचा पेला एका घोटात संपवणार नाही, असा माझा विश्वास आहे.

बागेजवळ फिरताना मात्र काही गोष्टी सांभाळायला हव्यात. द्राक्षबाग ही कोणाची तरी वर्षभराची कमाई असते, बागेत पाऊल टाकण्याआधी मालकाला विचारावे. विचारले तर बहुतेक जण प्रेमाने आत नेतात, हा नाशिकचा अनुभव आहे. न विचारता घड तोडू नये, आणि कोणी दिला तरी धुतल्याशिवाय खाऊ नये, कारण भुरी, डाऊनी अशा रोगांसाठी बागेत वारंवार फवारणी करावी लागते. फवारणीचा ट्रॅक्टर चालू दिसला तर त्या बाजूला फिरकूच नये, विशेषतः सासूबाई सोबत असतील तर. दुसरी गोष्ट बिबट्याची. दिंडोरी, निफाड, सिन्नर या भागांत उसाच्या आणि मक्याच्या आडोशाने बिबट्यांचा वावर आहे, हे तिथला प्रत्येक माणूस सांगेल. म्हणून पहाटे चारला अंधारात निघण्याचा आग्रह सोडा. जानेवारीच्या शेवटी नाशिकला सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो. साडेसहाला मुक्कामावरून निघून उजाडताना आशेवाडीला पोहोचलात, सगळे एकत्र आणि बोलत चाललात, तर ते सुरक्षित आहे आणि सूर्योदयही चुकणार नाही.

आता नणंदबाईंची हरकत. ‘ती जुन्या विचारांची आहे’ असे तुम्ही लिहिले आहे आणि तिला कसे समजवावे ते विचारले आहे. तिला समजवावेच का, असा माझा उलट प्रश्न आहे. गडाला देवस्थान मानणारी आणि त्याच दिवशी मद्याला स्पर्श नको म्हणणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांची ती भावना कोणाच्या वाटेत येत नाही. ज्यांना ती नाही त्यांनीही गडावर मद्य नेऊ नये, तिथे पिऊ नये, एवढा मान राखायलाच हवा, आणि तुमच्या घरी त्याबद्दल दुमत नसावे. प्रश्न उरतो तो एकाच दिवसाचा. त्याला सोपी वाट अशी, की तिची आणि सासूबाईंची सकाळ वेगळी आखावी आणि दुपारही त्यांच्या इच्छेवर सोडावी. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेली पांडवलेणी शहरापासून जवळ आहेत. सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातली ही बौद्ध लेणी आहेत आणि गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध शिलालेख तिथेच आहे. वर जायला वीस-पंचवीस मिनिटांच्या पायऱ्या आहेत. सासूबाईंना पायऱ्याच नको असतील, तर निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर पाहा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली महाराष्ट्रातली पहिली. जानेवारीत तिथे परदेशातून आलेली बदके आणि इतर पाहुणे पक्षी मोठ्या संख्येने असतात, वाट सपाट आहे, आणि मनोऱ्याजवळ बसून राहिले तरी पक्षी दिसतात. विंचूर, कुंदेवाडी या वाइनच्या गावांपासूनही ते फार दूर नाही. कोणी सांगावे, सासूबाई परत आल्यावर त्यांच्या सकाळचे वर्णन ऐकून गडावर गेलेल्यांनाच हुरहुर लागेल.

नणंदबाई वायनरीपर्यंत आल्या तर त्यांना टाक्या, लाकडी पिंपे, तळघरातला गारवा पाहता येईल. तिथे ‘नुसता वास घेऊन बघ’, ‘एका थेंबाने काय होते’ असा आग्रह कोणीही करू नये, आणि हे यजमानांना तुम्ही आधीच सांगून ठेवावे. त्या आल्या नाहीत तरी त्याचा अर्थ कुटुंबात फूट पडली असा नाही. रात्रीचे जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यावे, तिथे सकाळ आणि दुपार दोन्हींच्या गोष्टी होतील.

गड उतरल्यावर आणि वायनरीत शिरण्याआधी मध्ये दोन-अडीच तास मोकळे ठेवा. माझ्या मते सगळा बेत याच वेळेवर तरतो किंवा बुडतो. साडेनऊपर्यंत खाली आलात, तर आधी मुक्कामावर जाऊन अंघोळ करा आणि कपडे बदला. घामाचा, सनस्क्रीनचा, डास पळवणाऱ्या मलमाचा वास अंगाला असेल, तर वाइनचा वास तुम्हालाही नीट येणार नाही आणि शेजारी बसलेल्यालाही येणार नाही. याच कारणासाठी त्या दिवशी अत्तर नको. पाणी एकदम न पिता उतरताना आणि उतरल्यावर थोडे थोडे पीत राहा, सोबत लिंबू-मीठ-साखरेचे सरबत असेल तर उत्तम.

मग न्याहारी. नाशिकला आलो आणि मिसळ खाल्ली नाही असे होऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे, पण ती टेस्टिंगच्या, म्हणजे वायनरीत थोडी थोडी वाइन चाखण्याच्या, आधी नको. झणझणीत रश्श्याने जीभ पोळली, की नंतर वाइनमधला मद्यार्क जळजळीत लागतो, लाल वाइनचा तुरटपणा कडू वाटतो आणि पांढऱ्या वाइनचा नाजूक फळासारखा वास हरवून जातो. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या वाटेवर ठेवा. त्या दिवशी पोहे, उपमा, थालीपीठ-लोणी, उकडलेली अंडी असे पोटभरीचे पण सौम्य काही घ्या. यजमानांनी तर ही न्याहारी काही झाले तरी टाळू नये. खाणे आणि टेस्टिंग यांत तासाभराचे अंतर राहिले तर जीभही स्वच्छ होते. हे सगळे जमवले की साडेअकरा-बाराच्या सुमारास तुम्ही वायनरीत असाल, आणि चव घेण्यासाठी जेवणाआधीची हीच वेळ चांगली मानतात.

तीन वायनऱ्यांऐवजी एक का, हेही सांगते. टेस्टिंगमध्ये एका वाइनचे साधारण ३० मिलिलिटर देतात असे धरले, तर पाच-सहा वाइनचे मिळून दीडशे ते एकशे ऐंशी मिलिलिटर होतात. म्हणजे एका वायनरीत एक भरलेला पेला पोटात गेला. तीन ठिकाणी तेच केले तर तीन पेले झाले, आणि दुसऱ्या वायनरीपासून पुढे चव घेणे थांबून नुसते पिणे सुरू झाले. चव घेऊन वाइन थुंकण्यासाठी टेबलावर भांडे ठेवलेले असते, ते मागून घ्यायला संकोचू नका. जे लोक या व्यवसायात आहेत ते रोज तेच करतात आणि त्यात वाइनचा अपमान नाही. गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्यांपैकी एखादी निवडलीत, तर रामशेजवरून ती सोयीची पडेल. तिथे टेस्टिंगनंतर जेवणाची सोय आहे का, ते आधी विचारून ठेवा. एखादे सकाळचे सत्र, त्यानंतर निवांत जेवण, आणि उन्हे कलल्यावर धरणाच्या पाण्याकडेने पुन्हा थोडे चालणे, एवढ्यावर दिवस भरतो.

गाडीच्या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. मोटार वाहन कायद्यानुसार रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. ही मर्यादा इतकी कमी आहे की दमलेल्या, तहानलेल्या माणसाने एका टेस्टिंगमध्येच ती ओलांडणे शक्य आहे. शिवाय पहाटे उठून डोंगर चढलेल्या माणसाला दुपारी जेवणानंतर झोप येतेच, त्यात वाइनची भर पडल्यावर ‘मी शुद्धीत आहे’ हे त्याचे स्वतःचे मत कामाचे नसते. नाशिकमध्ये दिवसाच्या भाड्याने चालकासह गाडी सहज मिळते. सहा माणसांत तो खर्च जड नाही. नणंदबाई पीत नाहीत म्हणून त्यांनीच गाडी चालवावी, असे मात्र गृहीत धरू नका. ज्याला वाइन आवडत नाही त्याच्यावर इतरांच्या वाइनचे काम टाकणे बरोबर नाही.

आता तुमच्या शेवटच्या आणि मला वाटते सर्वांत मनापासून लिहिलेल्या वाक्याकडे येते. काही बोलले तर आनंदावर विरजण घातल्याचा ठपका येईल, असे तुम्ही लिहिता. पण तुमच्या पत्रातून मला दिसते ते असे, की सहापैकी निदान तीन माणसांना हा बेत झेपणारा नाही, आणि ते बोलून दाखवण्याची जबाबदारी मात्र सगळ्यांनी नकळत तुमच्यावर टाकली आहे. यजमानांशी बोलताना ‘हे नको’ने सुरुवात करू नका. ‘मला तुमच्यासोबत चालायचे आहे, आणि हरिहरला ते जमणार नाही’ असे सांगून पाहा. तुम्ही डोंगर टाळता असा त्यांचा समज असेल, तर तो याने दूर होईल. बहुतेक नवऱ्यांना बायको मागे राहते एवढेच दिसते, तिला बरोबरीने चालायचे आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. रामशेजचा कागदी नकाशा, वेळा आणि गाडीची चौकशी तुमच्या हातात तयार असू द्या. बेत बदला म्हणणाऱ्याकडे दुसरा बेत असला, की वाद लांबत नाही. आणि मधुमेहाचा मुद्दा तुम्ही न मांडता डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या, तो त्यांना टोचणार नाही.

ज्या वाचकांना वर्षाच्या इतर वेळी असा बेत करायचा आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चालायलाही चांगला आणि बाग पाहायलाही. एप्रिल-मे मध्ये नऊनंतर ऊन असह्य होते आणि छाटणीमुळे बाग उघडीबोडकी असते. पावसाळ्यात डोंगर देखणे दिसतात, परंतु गडांच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. तेव्हा गड सोडून सपाट वाटेवर चालावे. अंजनेरीला जाणाऱ्यांनी तिथले राखीव वनक्षेत्र गिधाडांचे आणि दुर्मीळ वनस्पतींचे घर आहे हे लक्षात ठेवून पायवाट सोडू नये, आणि तो डोंगरही मोठा असल्यामुळे त्या दिवशी टेस्टिंग ठेवू नये.

जाता जाता सगळ्यात साधी गोष्ट, जी तुमच्या बेतात कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. प्रजासत्ताक दिन हा ड्राय डे असतो, त्या दिवशी वायनरीत मद्य मिळणार नाही. तेव्हा रामशेज आणि वायनरी २५ जानेवारीला ठेवा, २६ तारखेची सकाळ नांदूरमध्यमेश्वरला सगळ्यांनी मिळून घालवा आणि तिथून मिसळ खाऊन ठाण्याच्या वाटेला लागा. जोडून सुट्टी असल्यामुळे २५ तारखेच्या सकाळच्या टेस्टिंगला गर्दी असेल, म्हणून वेळ आणि चालकासह गाडी दोन्ही याच आठवड्यात ठरवून टाका.